गाव चुकवून आंबोलीला

आंबोलीला मे महिन्यात धबधबा नसतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला नावं ठेवणार नाही. धबधब्याच्या जागी काळा कोरडा कातळ असतो आणि त्याच्यासमोर भज्यांच्या टपऱ्या अर्धी दारं लावून बसलेल्या असतात. तरीही मी म्हणेन, जा. मी मेच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन आले आणि तिथे पोटभर झोपले. दहिसरला मला दोन वर्षांत धड झोप लागली नव्हती.

माझं वय बावन्न. या वयात बाईच्या अंगातून ज्या वाफा निघतात त्यांच्याबद्दल प्रवासवर्णनात लिहावं की नाही मला माहीत नाही, पण त्यांच्यामुळेच हा प्रवास घडला. बसल्या जागी मानेपासून आग सुटायची, पदर ओला व्हायचा आणि पाचव्या मिनिटाला सगळं शांत. दिंडोशीच्या कोर्टात मी लिपिक आहे, तिथे फाइलीने वारा घेता येतो. गावाला चुलीपुढे कशाने घेणार? गेल्या वर्षी मे महिन्यात सासरच्या स्वयंपाकघरात आंबोळ्या घालता घालता मला अशी वाफ आली की मी उलथनं तव्यावर टाकून विहिरीवर पळाले आणि डोक्यावर कळशी ओतून घेतली. सगळ्यांना वाटलं, मुंबईवाल्या बाईला भूत लागलं.

सासर सावंतवाडी तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. मे महिन्यात मुंबईचे सगळे चाकरमानी तिथे जमायचे, हा आमच्या घरचा कायदा. दीर, पुतणे, सुना, पोरं मिळून घर भरून वाहायचं, आणि सगळ्यांची तिकिटं महिनोन् महिने आधी माझा नवरा विलास काढायचा. त्या घराच्या मध्यभागी सुमतीवहिनी, माझी थोरली जाऊ. ती आणि थोरले दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, एवढेच दोघे बारा महिने गावी असतात. वहिनी बोलायला गोड, पण दुखावली की तिच्याशी गाठ कठीण. धाकटे दीर एकदा गोव्याला फिरायला गेले आणि गावात न उतरता परस्पर परतले. वहिनी पुढे त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला आली, आहेर केला, हसली, फोटोत उभी राहिली, पण त्या घरचं पाणीसुद्धा प्यायली नाही. ती कोणावर रागावली की असंच करते. भांडत नाही, पाणी पीत नाही.

या वर्षी मी विलासला सांगितलं की मला गाव झेपणार नाही, मला कुठेतरी थंड जागी चार दिवस पडून राहायचंय. आम्ही दोघं दहिसरच्या एकाच चाळीत वाढलो, त्यामुळे घरात मी त्याला अरे-तुरेच करते. गावी गेल्यावर तेवढे 'अहो' बाहेर काढते.

"चल ना मग," तो लगेच म्हणाला. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये तो साचे बनवतो, तिथल्या पत्र्याखाली बसून त्याचंही भरीत झालं होतं. "पण वैनीला काय सांगायचं?"

"तुझी रजा नाही झाली म्हणून सांग. मोठी ऑर्डर आलीय म्हण." कोर्टाला मे महिन्यात सुट्टी असते हे सगळ्या गावाला ठाऊक, म्हणून खोटं त्याच्या वर्कशॉपच्या नावाने बोलावं लागलं. तो फोन त्याने कसा केला ते मी ऐकलं नाही, मी मुद्दाम भाजी आणायला गेले होते. आम्ही नाही म्हटल्यावर कोणाचीच तिकिटं निघाली नाहीत आणि यंदा घर रिकामंच राहिलं. त्याची टोचणी मला होती, ती मी सोबत घेऊनच निघाले.

ठिकाण ठरवायला मात्र आठवडा गेला. लेकीने हिमाचलचे व्हिडिओ पाठवले. विलासने ते तीनदा पाहिले आणि विचारलं, "तिथे भात कसला मिळतो?" महाबळेश्वरला अर्धा साकीनाका आलेला असतो म्हणून ते गेलं. माथेरानला घोड्यांचा वास. चिखलदऱ्याला पोचेपर्यंत चार दिवस संपतील. उटीला त्याचा मेहुणा जाऊन आला होता आणि वर्षभर तेच बोलत होता, म्हणून उटीचं नाव घ्यायचं नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी जेवताना, माशाचा काटा काढता काढता तो म्हणाला, "आंबोली."

"अरे, ती तुझ्या घराच्या डोक्यावर आहे."

"म्हणूनच. कोणाला वाटेल का, आपण तिथे असू म्हणून? आणि आपण खालून जायचंच नाही. कोल्हापूरवरून जाऊ. आजरा, मग आंबोली. वरच्या वर."

अख्खा देश पडला होता. पण मालवणी माणसाला थंडी हवी झाली तरी ती घराच्या हाकेवरची लागते. मी हो म्हटलं, कारण मला कुठलीही थंडी चालणार होती.

आजरा ते आंबोली

कोल्हापूरपर्यंतचं काही सांगण्यासारखं नाही. तिथून सावंतवाडीला जाणारी लाल एसटी पकडली. आजरा मागे पडला तसा वारा बदलला. उसाची शेतं संपली, काजूची झाडं आणि लाल माती सुरू झाली, आणि खिडकीतून आलेल्या झुळकीने माझ्या मानेवरचा घाम वाळला. मला अक्षरशः रडायला आलं. मी मुळची घाटावरची, माझ्या वडिलांचं गाव साताऱ्याकडचं. आमच्याकडे वारा म्हणजे धूळ. हा वारा ओल्या पानांचा होता.

बसमध्ये विलासने कोणाशी बोलायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. कंडक्टर तिकीट द्यायला आला, आमच्या बॅगांकडे बघून म्हणाला, "तुमी खंयचे?"

"दहिसरचे," विलास मराठीत म्हणाला. मला त्याचा अभिमान वाटला.

"ता खरा, पण मूळ गाव खंयचा?"

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न विचारला की त्याच्या तोंडाला कुलूप राहात नाही. विलासने गाव सांगितलं, मग वाडी सांगितली, मग घराच्या मागचा फणस कुठल्या बाजूला आहे तेही सांगितलं. मी त्याच्या मांडीला चिमटा काढला तोपर्यंत कंडक्टर समोरच्या सीटच्या दांड्याला टेकून उभा राहिला होता.

"म्हणजे सुमतीकाकीचे दीर तुमी? माझी भयण तुमच्याच वाडयेत दिलेली आसा."

मी मध्ये पडले. "भाऊ, वहिनींना सांगू नका हं. आम्ही नंतर अचानक जाणार आहोत, गंमत म्हणून."

"नाय नाय. मी कशाक सांगू," तो म्हणाला, आणि इतका मनापासून हसला की आमची वाट लागली हे मला तिथेच कळलं. आंबोलीला उतरल्यावर मी विलासला रागवायच्या आत तोच म्हणाला, "त्याने विचारलं ना गं. न सांगणं बरं दिसलं नसतं."

धुक्यात

आम्ही उतरलो ते रस्त्याला लागूनच असलेल्या एका कौलारू घरात. मालकीणबाईंनी मागच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. खोलीत पंखा नव्हता. मी दोनदा वर पाहिलं, मग विचारलं. त्या म्हणाल्या, "कशाला लागतो?" आणि खरंच, दुपार कलली तसं दरीतून धुकं वर आलं आणि सरळ ओसरीतून घरात शिरलं. बाकावर ठेवलेलं वर्तमानपत्र मऊ पडलं. मेच्या शेवटाला मी स्वेटर घातला. मुंबईहून तो आणताना विलास हसला होता, आता त्याने माझी शाल मागितली.

जेवायला कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ आणि फोडणीची मिरची. सासरी हेच जेवण मी इतकी वर्षं चुलीपुढे बसून रांधलं होतं. गरम भाकरी पानात आयती येऊन पडते तेव्हा तिची चव वेगळी लागते, हे मला त्या दिवशी समजलं. जेवल्यावर मी जरा आडवी झाले. एक वाफ आलीच, नेहमीसारखी मानेपासून. मी गोधडी बाजूला केली, खिडकीतून गार वारा आला आणि ती वाफ आपोआप विरली. पुढचं मला आठवत नाही. उठले तेव्हा कोंबड्या खुराड्यात जात होत्या आणि विलास माझ्या पायांशी बसून करवंदं खात होता.

"घोरत होतीस," तो म्हणाला. मला त्याचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरण्यकेशीला गेलो. डोंगराच्या गुहेतून नदी निघते, गुहेतच देव, आणि बाहेर कुंडात पाणी इतकं गार की पाय घातला की पोटऱ्या बधिर होतात. तिथे एक बाई जांभळं विकत होती. मुंबईत जांभळं तोलून देतात, हिने पानाचा द्रोण भरला आणि वर आणखी मूठभर घातली. मग कावळेसादला. तिथे कड्याच्या तोंडाशी दरीतला वारा सरळ वर उसळतो. विलासची टोपी उडाली, दरीत गेली असं म्हणून आम्ही हळहळलो, तोवर ती वर येऊन आमच्या मागच्या करवंदीच्या जाळीत पडली. काटे टोचून घेऊन ती काढताना त्याने बाही फाडली. टोपीपेक्षा शर्ट महाग होता.

महादेवगडाच्या टोकावर गेलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि खाली सगळं कोकण पसरलं होतं. तांबड्या वाटा, माडांचे पुंजके, मध्येच चमकणारी कौलं. विलास बोट करून म्हणाला, "ती वळणाची नदी दिसते ना, तिच्या अलीकडे. ते आपलं घर." मग तो एकदम दोन पावलं मागे सरकला. इतक्या खालून कोणी बघणार नव्हतं, पण मीही सरकले. आम्ही दोघं एका झाडाआड उभे राहून आपलंच घर चोरून पाहत होतो. त्या घरात या वर्षी पोरांचा आवाज नव्हता आणि वहिनी एकटी बसली असणार, असं माझ्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

तेवढ्यात विलासचा फोन वाजला. वहिनीच होती. त्याने घाबरून स्पीकर चालू केला.

"काय रे विलास, बरो मां?"

"बरो आसंय वैनी."

"गरम होता काय थय?"

"मरणाचा," घामाचा टिपूस नसलेला माझा नवरा म्हणाला. शाल त्याने डोक्यावरून घेतली होती.

"आणि ह्यो वारो कसलो वाजता?"

विलासने माझ्याकडे पाहिलं. मी हातांनी काहीतरी खुणा केल्या, मलाही माहीत नाही कसल्या. "पंखो," तो म्हणाला. "नवीन पंखो घेतलो."

"बरां केलास," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला. विलासचं म्हणणं पडलं की तिला काही कळलेलं नाही. मला तसं वाटेना. त्या दिवशीच्या जेवणात मला चव लागली नाही. धाकट्या दिरांसारखं आपलंही पाणी बंद झालं तर पुढच्या मे महिन्यात त्या दारात कुठल्या तोंडाने उभं राहायचं, हेच घोळत राहिलं. तिथे मला राबावं लागत असेल, पण ते माझं घर होतं. लग्न करून आले तेव्हा माझ्या घाटावरच्या बोलण्याला सगळे हसायचे, वहिनी हसली नव्हती. नारळ खवायला तिनेच मला शिकवलं.

सकाळची एसटी

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओसरीवर घावणे खात होतो. रस्त्यावर एसटी थांबली, कंडक्टरने आतून एक फणस खाली दिला, मग एक पिशवी, आणि मग हात देऊन सुमतीवहिनीला उतरवलं. आमच्याकडे बघून त्याने हातही हलवला.

विलास उभा राहिला. मी इतकी गोंधळले की माझ्या तोंडून "अहो, वहिनी आल्या" असं निघालं.

वहिनी पायऱ्या चढून वर आली. चप्पल काढली, फणस भिंतीला टेकवला, पदराने चेहरा पुसला आणि ओसरीच्या छताकडे नजर फिरवली.

"नवीन पंखो खंय आसा? दाखय बघू," ती विलासला म्हणाली.

तो एवढा मोठा साठीकडे झुकलेला माणूस, पण पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. मी पुढे होऊन म्हणाले, "वहिनी, त्यांची चूक नाही. मलाच गाव झेपणार नव्हतं. मला गेल्या वर्षी चुलीपुढे कसं झालं होतं ते तुम्ही पाहिलंत. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, माझा धीर झाला नाही."

ती बाकावर बसली. मालकीणबाईंनी पाण्याचा तांब्या आणि चहा आणून ठेवला. वहिनीने तांब्याकडे पाहिलं आणि दरीकडे तोंड केलं. धुकं वर येत होतं. मला त्या तांब्यावरून नजर हलवता येईना. चहावर साय धरली तरी तिने हात लावला नाही. विलास घावण्याचा तुकडा हातात धरून तसाच उभा होता.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "रागान इल्लंय मी. कंडक्टरान सांगल्यान तेव्हाच ठरवलंय, जावन तोंडार इचारुचा. घाटात अर्ध्या वाटेर गार वारो लागलो. मगे राग खंय गेलो, कळूक नाय."

आणि ती तांब्या उचलून वरून धार धरून पाणी प्यायली, पोटभर, गळ्यावर ओघळ आले तरी. मी खालीच बसले, तिच्या पायाशी.

"एक सांगू?" ती म्हणाली, आवाज खाली आणून. "तुमी येवचास नाय म्हणाल्यात, तेव्हा दोन दिवस मी कोणाशी बोलूक नाय. घर खावक उठला. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणा झाली, भांडी बघलंय तर दोन ताटा आणि एक टोप. म्हटला जरा पाठ टेकतंय. ती दिवेलागणीक उठलंय. मे म्हयन्यात दुपारची निज, ती लग्न झाल्यापासून पयल्यांदाच."

विलास घाईने म्हणाला, "म्हणजे वैनी, आमी दरवर्षी येतव त्येचो तुका तरास होता?"

"तुमी येतास म्हणान घर हा रे. पण कंबर माझी हा." मग ती माझ्याकडे वळली. "आणि आग तुज्याच आंगाची होता काय गो? माका धा वर्सा झाली. चुलीफुडे बसल्याल्या बायलेक कोण इचारता, ताप चुलीचो काय आंगाचो?"

दहा मे महिने आम्ही शेजारी शेजारी बसून भाकऱ्या थापल्या होत्या. तिचाही पदर ओला असायचा, मी तो चुलीचा घाम समजत होते. मी तिचा हात धरला. तो खरखरीत आणि गार होता. आम्ही दोघी हसायला लागलो आणि मग थोडं रडलोही. विलासला काय करावं सुचेना, तो फणस उचलून मागच्या दारी घेऊन गेला.

मी विचारलं, "तुम्ही आंबोली पाहिलीय ना?"

"घाट चढलंय चार-पाच फेरा. सगळे दवाखान्याक. खिडकेतसून दिसली ती आंबोली."

घराच्या डोक्यावर थंडी होती आणि तिने ती कधी घेतली नव्हती. मी तिला हिरण्यकेशीला नेलं. कुंडात पाय सोडून ती बसली ती उठेचना. परतताना महादेवगडावर थांबलो. विलासने तिला खाली घर दाखवलं, तर ती म्हणाली, "बारीक दिसता नाय? हयसून बघला तर कोणाक खरा वाटूचा नाय, थय एवढा काम आसा." तिने वाटेतल्या टपरीवर कांदाभजी मागितली आणि आयती बशी हातात आल्यावर आधी माझ्यासमोर धरली. मी म्हटलं, आधी तुम्ही. हे आमच्यात कधी झालं नव्हतं, आमच्या घरी बायका शेवटच्या पंगतीला बसतात.

जेवणात मालकीणबाईंनी तिने आणलेल्या फणसाचे गरे वाढले. वहिनीने त्यांच्या पिठीत सोलं, म्हणजे आमसुलं, कमी पडल्याचं सांगितलं, पण उठून स्वयंपाकघरात गेली नाही. मी मनातल्या मनात त्याची नोंद घेतली. जेवल्यावर ती खोलीत आली, माझ्या कॉटवर बसली, गोधडी चाचपली आणि कुशीवर झाली. "दोनची यष्टी हा," ती म्हणाली. "माका जरा वेळान उठय."

दोनची एसटी आली, उभी राहिली आणि घाट उतरून गेली. मी तिला उठवलं नाही. थोड्याच वेळाने विलासचा फोन वाजला. दादा होते.

"सुमती खंय हा? दोनच्या यष्टीन निघाली मां?"

विलासला खोटं जमत नाही हे तुम्ही पाहिलंच आहे. तो अडखळला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात गोधडीतून, डोळे न उघडता, वहिनी म्हणाली, "सांग, शेवटची यष्टी चुकली."

बाहेर लख्ख दुपार होती. "दादा," विलास म्हणाला, "वैनीची शेवटची यष्टी चुकली."

दादांनी पलीकडून विचारलं, "दुपारी शेवटची?"

"घाटात धुका पडला हा."

"मगे माझ्या जेवणाचा काय?"

"तांदूळ डब्यात आसत म्हणान सांग," वहिनी म्हणाली आणि गोधडी कानावर ओढून भिंतीकडे वळली.

विलासने ते तसंच्या तसं सांगितलं, एकदाही न अडखळता, आणि फोन बंद करून बाहेर जाताना दार हळूच ओढून घेतलं. मी दुसरी गोधडी घेऊन तिच्या शेजारी पडले. खिडकीतून धुकं आत येत होतं, आणि दिवेलागण झाली तरी आम्हा दोघींना कोणी उठवलं नाही.